हात मांडीखाली

प्रिय वत्सला,

रविवारी दुपारी तुझी सुरेखा पुन्हा येणार आहे. तिला हो म्हणायचं की नाही, ते मला तुझ्याकडून हवं आहे. म्हणून लिहायला बसलो. तू असतीस तर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसते ओठ हलवले असतेस आणि माझं काम झालं असतं. आता कोणाला विचारू?

हसू नकोस. सातवी नापास माणूस पत्र लिहितो आहे! कागद सूनबाईकडून मागून घेतला. देताना ती काहीतरी म्हणाली, मी मान हलवली. हल्ली मी सगळ्यांना मानच हलवतो. परवा अशीच हलवली, तर ताटात कारल्याची भाजी आली. सगळी संपवली. काय करणार, होकार माझाच होता.

जीव सारखा धास्तावलेला असतो. गॅस बंद आहे का, म्हणून पुन्हा पुन्हा उठतो. दूध उतू गेलेलं मला जळका वास आल्यावरच कळतं. फाटकाशी कोणी उभं असेल, हाका मारून थकून परत गेलं असेल, या विचाराने दुपारी डोळा लागत नाही. रस्त्यावर पाय टाकायचा तर आधी चारही बाजूंना पाहतो. लोकांना वाटतं, बायको गेली म्हणून म्हातारा बावचळला. त्यांचंही खरंच आहे म्हणा.

तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चांगला झाला, असं लोक म्हणाले असावेत. विहारात जागा उरली नव्हती. तुझ्या बहिऱ्या मुलांच्या शाळेतले आले होते. तुझ्या हाताखाली ट्रेनिंग घेऊन ठिकठिकाणी लागलेले शिक्षक आले होते. आणि तुझी जुनी पोरं, आर्वीची, आष्टीची, हिंगणघाटची, पुढे एका बाजूला बसली होती. केस पांढरे झालेत काहींचे, तरी मी त्यांना पोरंच म्हणणार.

त्रिशरण-पंचशील झालं, ते सवयीने मीही म्हटलं. भाषणं झाली. मी सारखा समोर पाहत होतो आणि मग लक्षात आलं, मी तुझं तोंड शोधतो आहे. तू नेहमी समोर बसून मला सांगायचीस ना, कोण काय म्हणतंय ते! समोर तुझा फोटो होता, हार घातलेला. फोटोत तुझे ओठ मिटलेले आहेत, वत्सला. फोटो काढताना एखादा शब्द तरी बोलायचा होतास!

मग सगळे उभे राहिले, तसा मीही राहिलो. दोन मिनिटांची शांतता असणार, एवढं कळलं. डोळे मिटले. डोळे मिटले की माझं सगळंच मिटतं. तू आत आलीस. आपल्या तान्ह्या मिलिंदला माझ्या मायजवळ सोडून पॅसेंजरने नागपूरला ट्रेनिंगला निघालेली, बोटाएवढी बारीक पोरगी. मी तुझ्याशी बोलत होतो. किती वेळ, माहीत नाही.

दंडाला कोणीतरी हात लावला. डोळे उघडले तर सगळा विहार खाली बसलेला आणि माझ्याकडे टकामका पाहणारा! उभे होतो फक्त मी आणि तुझी पोरं. हात जोडून, डोळे मिटून, मान खाली. तूच शिकवलं होतंस त्यांना, श्रद्धांजलीला डोळे मिटायचे. पण संपलं हे माइकवर सांगून त्यांना कसं कळणार? दर वेळी तू जमिनीवर जोरात पाय आपटायचीस. तो धक्का त्यांच्या तळपायाला कळायचा आणि डोळे उघडायचे. त्या दिवशी पाय आपटणारीच गेली होती. कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यांच्यातल्या सुरेखाने डोळे किलकिले करून आधी पाहिलं. मग एकेकाच्या खांद्याला हात लावत ती माझ्यापर्यंत आली. माझ्या तोंडासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, झालं. आता बसा."

आणि मला समजलं! तू गेल्यापासून कोणाचं अख्खं वाक्य मला पहिल्यांदा समजलं. तेव्हा का समजलं, ते कळलं नाही.

पोरं का उभी राहिली, ते सगळ्यांना कळत होतं. पण मी का उभा होतो? मिलिंदचा चेहरा पाहवेना. घरी आल्यावर तो माझ्यासमोर बसला. काय बोलला ते त्याने शेवटी मोबाईलवर लिहून दाखवलं. "बाबा, तुमाले कईपासून ऐकू येत नाई? माय गेली तवा मी रातभर तुमच्यापाशी बसून बोललो. थे बी नाई आलं काय ऐकू?"

नाही आलं गं. पोरगा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून काय काय बोलला असेल, त्यातलं एक अक्षर माझ्याकडे नाही. ते मी कोणाकडून मागून आणू?

आपण दोघांनी हे इतकी वर्षं झाकलं. झाकलं काय, तू झाकलंस. पाहुणा खुर्चीवर बसला की तू त्याच्या मागे दाराला टेकून उभी राहायचीस आणि तो बोलेल ते आवाज न करता ओठांनी मला सांगायचीस. मी पाहुण्याकडे पाहिल्यासारखं करायचो आणि तुझ्याकडे पाहायचो. पाहुणे म्हणायचे, देविदासभाऊची नजर बायकोवरून हलत नाही! तू पदर तोंडाला लावायचीस. मग मला पुढचं काही कळायचं नाही आणि मी भलतंच उत्तर द्यायचो.

पण एक विचारू? जन्मभर तू आयाबापांना सांगत फिरलीस, बहिरेपणात लाज कसली, पोराला कोंडून ठेवू नका. मग घरातला बहिरा तू का झाकलास? मी नको म्हटलं म्हणून? मी तर सगळ्यालाच नको म्हणतो. तू इतर कोणाच्या नकोला कधी जुमानलं नाहीस!

मला तुझ्या ट्रेनिंगचे दिवस आठवतात. आधी तू शाळेच्या वसतिगृहात पोरांची वेणीफणी करायला लागली होतीस. मग शाळेनेच तुला वर्षभर नागपूरला पाठवायचं ठरवलं. माझी माय कपाळाला हात लावून म्हणाली होती, "बहिऱ्यायले शिकवाले बी शिका लागते काय वं? काडी घे अन् बसव!" तू पिशवी भरत राहिलीस. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं की असंही ट्रेनिंग असतं. मला तरी कुठे माहीत होतं? माझा मेहुणा विचारायचा, मुक्याची मास्तरीण पगार तोंडाने मागते की खुणेने? मी हसायचो. तू डोळे वटारायचीस. "मुकी नाई म्हना. त्यायचा गळा चांगला हाय. ऐकू येत नाई म्हून बोलत नाई."

सुट्टीत आलीस की तुला धड्याचा सराव करायला पोर लागायचं. मिलिंद पाळण्यात. मग मी! कानात कापसाचे बोळे घालून तू मला आरशासमोर बसवायचीस. तुझा चेहरा आणि माझा, शेजारी शेजारी. मेणबत्ती लावून "प" म्हणायचीस, ज्योत वाकायची. "म" म्हणायचीस आणि माझं बोट तुझ्या नाकावर ठेवायचीस, आत भुंगा असल्यासारखं व्हायचं. माझा तळहात तुझ्या गळ्यावर. नव्या लग्नातला माणूस मी, माझं लक्ष अक्षरात कसलं लागतं! तू खरंच रागवायचीस. "मास्तर परीक्षा घेनार हायेत. नीट बसा."

तू मला सांगितलेलं सगळं आठवतं. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा. ओरडायचं नाही, तोंड वेडंवाकडं करायचं नाही. सुटा शब्द नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. आणि गंमत म्हणजे तू हे सगळं पुस्तकी मराठीत करायचीस. "मी पाणी पितो. आई भाकरी करते." चुलीपाशी वऱ्हाडी आणि आरशासमोर शुद्ध! मी म्हणायचो, अख्ख्या वर्धा जिल्ह्यात शुद्ध मराठी बोलणारी तुझी पोरंच निघतील.

आणि सगळ्यांत मोठा नियम, हात खाली. हात बोलायला लागले की तोंड आळशी होतं, असं तुम्हाला शिकवलं होतं. मी म्हटलं, आमच्या गिरणीत तर हातांशिवाय पानही हलत नाही. पुलगावच्या त्या विणाई खात्यात मागांचा असा गदारोळ की शेजारचा किंचाळला तरी ऐकू येणार नाही; पुढे माझे कान त्यानेच खाल्ले. आम्ही ओठ पाहायचो आणि हात करायचो. मी तुला करून दाखवलं. मिशीला पीळ, म्हणजे साहेब येतो आहे. बाहीवरचं कापसाचं तूस झटकलं, म्हणजे पाळी सुटली, चला घरी. तू पोट धरून हसलीस. डोळे पुसत म्हणालीस, "हे तुमच्या गिरनीत चालते. माह्या वर्गात नाई चालनार."

नाहीच चाललं. सुरेखाला तिच्या बापाने आष्टीहून आणलं तेव्हा ती एवढीशी होती. हात सारखे हवेत. "पाणी" म्हणायचं तर अंगठा तोंडाकडे. तू तिला हात मांडीखाली घालून बसायला लावायचीस, आणि ती रडायची. संध्याकाळच्या पॅसेंजरने घरी यायचीस तेव्हा तुझंही तोंड उतरलेलं असायचं. पण तिने पहिल्यांदा "आई" म्हटलं, तेव्हा तिच्या बापाने तुझ्या पायावर डोकं ठेवलं, आणि तू घरी येऊन मला सांगताना रडलीस. ते खोटं होतं का?

मग वर्षं गेली. आपण वर्ध्याला राहायला आलो. पोरांच्या कानामागे ऐकायच्या पेट्या आल्या, पेट्या लहान झाल्या. तू स्वतः शिक्षक घडवायला लागलीस. माझ्यावर केलेला आरशाचा सराव आता तू कॉलेजच्या पोरापोरींकडून करून घ्यायचीस. मग एक दिवस दिल्लीहून नवा अभ्यासक्रम आला. खुणांची भाषा शिक्षकाला आलीच पाहिजे, आणि ती शिकवायला ऐकू न येणारा माणूसच हवा. तुमच्या ट्रेनिंगच्या वर्गावर सुरेखाला नेमलं.

त्या दिवशी तू चप्पल न काढताच पलंगावर बसलीस. म्हणालीस, "म्या तिचे हात मांडीखाली घालाले लावले. आता थ्याच हातानं थे मास्तरायले शिकवते. मंग म्या जन्मभर काय केलं वो?"

 मी म्हटलं, चहा ठेवू का? तुझ्या तेवढ्या मोठ्या प्रश्नाला माझा एवढा चहा! तू निवृत्त होईपर्यंत सुरेखाच्या वर्गात मागच्या बाकावर बसत राहिलीस, हे मला माहीत आहे. पण घरात तू कधी हात उचलला नाहीस, आणि तो प्रश्नही पुन्हा काढला नाहीस. मला वाटलं विसरलीस. तू काय विसरणार!

आता सुरेखाचं सांगतो. कार्यक्रमानंतर मिलिंदने मला दवाखान्यात नेऊन कान तपासून घेतले. मशीन लावून पाहिली. भांडी पडल्याचा आवाज येतो, माणसाचा येत नाही. मिलिंदचे ओठ वाचावेत तर त्याला मिशा. शेजारच्या अंबादासच्या तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा भरलेल्या तोंडाचे ओठ तुझ्या नागपूरच्या मास्तरांनाही वाचता येणार नाहीत! मग मिलिंदने सुरेखाला बोलावलं. गेल्या रविवारी ती आली. स्टूल ओढून उजेडाकडे तोंड करून बसली. म्हणाली, "काका, मी तुम्हाला हातांची भाषा शिकवीन. मिलिंददादालाही शिकवीन. दोघे बोलाल."

 मला वाटलं, ज्या हातांशी तू जन्मभर भांडलीस, ते मी तुझ्यामागे घरात घ्यायचे? म्हणजे तू हरलीस, असं मीच सांगायचं? काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, वत्सला कसं म्हणतात तुमच्यात? या लोकांमध्ये प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असतं, हे तूच मला सांगितलं होतंस.

 सुरेखाने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मी भडकलो, वत्सला. म्हटलं, चाळीस पोरांची माय होऊन राहिली ती, आणि तुम्ही तिचं नाव हे ठेवलं? एवढंच लक्षात राहिलं तुमच्या?

ती घाबरली नाही. तुझीच शिष्या. सावकाश, पूर्ण वाक्यांत म्हणाली, "काका, आम्ही लहान होतो. तेव्हा राग होता. आता ते बाईंचं नाव आहे. दुसरं नाव आम्हाला नको."

मी उठून आत गेलो. ती चहा न घेता गेली. तुझ्या घरातून तुझी पोरगी चहा न घेता गेली!

आत बसल्यावर मग डोक्यात प्रकाश पडला. मी भांडलो तिच्याशी. म्हणजे तिचा शब्द न् शब्द मला कळला होता. मिशी नाही म्हणून? सूनबाईलाही मिशी नाही, तिचं कळत नाही. मी डोळे मिटून सुरेखाचं तोंड आठवलं. "प" ला ओठ कसे मिटतात, वाक्य संपताना हनुवटी कशी किंचित खाली येते. ते तुझं तोंड आहे, वत्सला! आरशासमोर बसवून तू एकेक अक्षर तिच्या ओठांवर ठेवलंस, ते तुझ्याच ओठांसारखं बसलं. तू जन्मभर काय केलंस? हे केलंस. तेव्हा चहा ठेवू का म्हणालो होतो, त्याच्या जागी हे लिहून घे.

आणि आता ते, जे मी मिलिंदलाही सांगितलेलं नाही. सांगणार कसं, विचारलं तर मान हलवतो.

सेवाग्रामच्या दवाखान्यात तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्याच्या आत वाफ धरलेली. तू बोलायचीस तेव्हा मास्कच्या आत नुसता धूर हलायचा. ओठ दिसत नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू बोलत होतीस आणि मला कळत नव्हतं. मी मास्क बाजूला करायला हात पुढे केला, तर नर्सने माझा हात धरला. बरोबरच होतं तिचं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग सलाईन नसलेला हात उचललास आणि दुसऱ्या हाताची बाही झटकलीस. हळूच. पुन्हा झटकलीस.

नर्सला वाटलं, खाज सुटली. ती मलम घेऊन आली. बिचारी हळुवार हाताने लावत होती.

मला कळलं होतं. पाळी सुटली. चला घरी.

तू हातांनी बोललीस, वत्सला. तुझ्या वर्गात न चालणारं, माझ्या गिरणीतलं. जन्मभर पाळलेला नियम तू माझ्यासाठी मोडलास. आणि मी काय केलं? काहीच नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. उत्तरादाखल मलाही बाही झटकता आली असती. हो, कळलं, असं तरी सांगता आलं असतं. तुला कळलं का, की मला कळलं होतं? हा प्रश्न मला खातो. या प्रश्नाचं उत्तर आता कोणाच्या ओठांवर नाही.

लिहिता लिहिता वाटतं आहे, मी तुला विचारायला बसलो होतो, पण तू तर आधीच सांगून गेलीस.

तर ऐक. रविवारी सुरेखा येईल. फाटकाचा आवाज मला येणार नाही, म्हणून मी आधीपासूनच फाटकाशी उभा राहीन. चहा आधी देईन, बोलणं मग. मिलिंदला माझ्या शेजारी बसवीन, आणि त्या रात्री तो काय बोलला होता, ते त्याने हातांनी पुन्हा सांगेपर्यंत मी शिकणं सोडणार नाही. या वयात बोटं वळत नाहीत. वळवीन. चुकलो तर सुरेखा रागवेल, तशी तूही रागवायचीस.

आणि सुरुवात तुझ्या नावाने करीन. हात मांडीखाली घालीन, सुरेखासारखाच. मग ते बाहेर काढीन आणि बोलेन.

हा शब्द आहे माझा.

तुझा,
मिलिंदचा बाप देविदास